तीन खड्डे, एकच प्लेट

“वैनी, काढा की फोटो! प्लेट काय नवरी हाय व्हय, नटवून उभी करायला?” अमरसिंह खड्ड्याच्या काठावरून ओरडला, तसे खाली उतरलेले दोघं गडी फिदीफिदी हसले.

अफसाना हसली नाही. तिनं पाटी खड्ड्याच्या कडेला टेकवली. पाटीवर तिनंच खडूनं लिहिलं होतं: अर्थिंग, खड्डा तिसरा, आणि खाली तारीख. मग गुडघ्यावर बसून तिनं मोबाइल खाली धरला. तळाशी तांब्याची चौकोनी प्लेट उभी केलेली, तिला पट्टी बोल्टानं आवळलेली, शेजारी मीठ आणि कोळशाची पोती तोंड उघडून तयार. फोटोत सगळं कसं जिथल्या तिथं दिसत होतं. फक्त प्लेटच्या वरच्या कोपऱ्यावर हातोड्याचा ठोका बसून नखाएवढी चंद्रकोर उमटली होती. ही चंद्रकोर अफसानानं सकाळी पहिल्या खड्ड्यात पाहिली होती. जेवणाआधी दुसऱ्या खड्ड्यातही पाहिली होती.

चांदीकामाच्या हुपरीतल्या पोरीच्या नजरेतून अशी गोष्ट सुटत नाही. लग्नाआधी माहेरच्या पडवीत बसून तिनं पैंजणाच्या इतक्या कड्या जोडल्या होत्या, की एखादी कडी केसभर वाकडी असली तरी तिचं बोट तिथंच अडायचं. सुटलेला करंट जमिनीत जिरवायला तीन खड्ड्यांत तीन वेगळ्या प्लेटा पुरायच्या होत्या. इथं एकच प्लेट तीन ठिकाणी फोटोला बसत होती.

तिनं फोटो काढला आणि म्हणाली, “झालं, दादा.”

कळंब्याच्या रस्त्याला उभ्या राहणाऱ्या त्या इमारतीत अफसानाचं काम एवढंच होतं. विजेचं काम म्हणजे झाकायचं काम. पाइप स्लॅबात जातात, तारा भिंतीत जातात, प्लेटा जमिनीत जातात, आणि वरून गिलावा झाला की आत काय आहे ते देवालाच ठाऊक. म्हणून विजेच्या कामाचे कंत्राटदार आण्णा यांनी नियम केला होता: झाकण्याआधी फोटो. अफसानाचा फोटो ‘साइट फोटो’ या ग्रुपवर पडल्याशिवाय गवंड्यानं थापी उचलायची नाही. दिवसभर ती पाटी, खडू आणि मेजरटेप घेऊन जिने चढायची आणि उतरायची. गडी तिला फोटोवाल्या वैनी म्हणायचे.

तिसऱ्या खड्ड्याचा फोटो झाल्यावर अमरसिंहानं गड्यांना चहाला पिटाळलं. एरवी गड्यांनी चहाचं नाव काढलं तरी ज्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या, तो सुपरवायझर आज स्वतःहून चहाला जा म्हणतो, हे काही अफसानाच्या पचनी पडलं नाही. ती पहिल्या मजल्यावर गेली आणि बिनचौकटीच्या खिडकीत उभी राहिली. खाली अमरसिंहानं इकडंतिकडं पाहिलं, खड्ड्यात उतरून बोल्ट सोडवला आणि प्लेट वर काढली. पट्टीचं टोक तसंच मातीत खुपसून ठेवलं, म्हणजे वरून पाहणाऱ्याला सगळं ठाकठीक. मग रुमालानं प्लेट पुसत तो गाडीपाशी गेला. डिकी उघडली, तर आत आधीपासून ठेवलेल्या उरलेल्या दोन कोऱ्या प्लेटा उन्हात चमकल्या.

अफसानानं फोटो काढला. माणसाचं तोंड, हातातली प्लेट, गाडीचा नंबर, सगळं एकाच फोटोत आलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

लोकांना वाटायचं, नवरा गेला, मूलबाळ नाही, सासू म्हातारी, म्हणून बिचारी साइटवर राबते. तसं नव्हतं. अफसाना इथं सूड घ्यायला आली होती, आणि त्यात तिला लाज वाटत नव्हती.

तिचा नवरा खिजर आण्णांकडंच वायरमन होता. या धंद्यातली एक रीत आहे. लाइनला हात घालण्याआधी बोर्डावरचं किटकॅट, म्हणजे फ्यूजचा तो चिनी मातीचा गुटका, उपसायचा आणि स्वतःच्या खिशात घालायचा. बोर्डावर ठेवायचा नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. खिजर तर घरातला बल्ब बदलतानाही किटकॅट खिशात घालूनच स्टुलावर चढायचा. त्यावरून अफसाना त्याला चिडवायची.

दोन पावसाळ्यांपूर्वी उजळाईवाडीच्या साइटवर गिझरच्या पॉइंटला हात घातल्यावर खिजरला शॉक बसला. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. बोर्डावर किटकॅट जागच्या जागी होतं. अमरसिंहानं पोलिसांना सांगितलं, आण्णांना सांगितलं आणि घरी येऊन खिजरच्या आईलाही सांगितलं, “त्यानं काढलंच न्हवतं. किती डाव बजावलं हुतं! पर गडी धांदरट.” दवाखान्यातून कपड्यांचं गाठोडं आलं, तेव्हा शर्टाच्या खिशात किटकॅट निघालं. अफसाना ते घेऊन पळत चौकीवर गेली. हवालदार म्हणाला, “बाई, वायरमनच्या खिशात किटकॅट सापडंल न्हायतर काय खारीक सापडंल? असली धा ठेवत्यात ते.” तिथंच प्रकरण मिटलं.

पण अफसानाला कळायचं ते कळलं होतं. खिजरनं किटकॅट काढून खिशात घातलं होतं आणि कुणीतरी बोर्डावर दुसरं बसवलं होतं. त्या वेळी बोर्डापाशी अमरसिंहाशिवाय कुणी नव्हतं, एवढं गड्यांच्या बोलण्यातून तिला कळलं होतं.

यात तिला सगळ्यात जास्त काय जाळत होतं, तर सासूचं बोलणं. खतिजाअम्मांनी अमरसिंहाचा शब्द खरा मानला होता. साहेबासारखा माणूस खोटं कशाला बोलेल? दारात कुणी आलं की म्हातारी सुरू व्हायची, “माझंच पोर धांदरट. ल्हानपणी चप्पल उलटी घालायचं. आपल्याच चुकीनं गेलं.” दूधवाल्याला, शेजारणीला, मीटर वाचायला आलेल्या पोराला, सगळ्यांना तेच. खिजर एकदा मेला होता, पण म्हातारी त्याला रोज उंबऱ्यावर नव्यानं दोषी ठरवत होती. अफसाना ओठ आवळून भाकऱ्या थापायची. खिजरच्या चाळिसाव्या दिवशी घरी आलेल्या आण्णांनी “फोटो काढायला बाई पायजे, येशील का?” असं विचारलं, तेव्हा ती एका शब्दात हो म्हणाली. झाकलेल्या कामाचे फोटो काढता काढता कधीतरी हा माणूस सापडेल, एवढीच आशा तिला होती.

आणि आता तो सापडला होता. फोटो लगेच दाखवायचा नाही, असं तिनं ठरवलं. इमारत ताब्यात द्यायचा दिवस येऊ दे. मांडव पडेल, बिल्डर येईल, आण्णा फेटा बांधून बसतील, फ्लॅटवाले पेढे खातील, आणि त्या भरल्या मांडवात ती मोबाइल पुढं करील. रात्री पडल्या पडल्या ती तो मांडव डोळ्यांपुढं आणायची. कधी अमरसिंह पाया पडायचा, कधी पळायचा, कधी आण्णा त्याच्या कानाखाली काढायचे. जे चित्र जास्त गोड लागेल ते ती पुन्हा पाहायची.

तिन्ही खड्डे बुजले. प्लेट नसलेलं अर्थिंग म्हणजे नुसता मातीचा ढीग, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिला माहीत होतं. पण मांडवाचं चित्र एवढं झकास रंगलं होतं, की तिनं तिकडं पाहायचंच टाळलं.

एके दिवशी सकाळी धोंडुबाई तिच्याकडं हसत हसत आली. ही वॉचमनची बायको, भिंतींवर पाणी मारायचं काम करायची. “अगं बया, ऐकलंस का! पाण्याच्या मोटारीला हात लावला तर अंगाला मुंग्या आल्या की! मी म्हटलं, म्हातारपणी ही काय ज्वानी चढली!”

अफसाना सिमेंटच्या पोत्यावर बसली आणि तिनं धोंडुबाईचा हात ओढून उलटासुलटा करून पाहिला. राकट, ओला, पाण्यानं सुरकुतलेला हात. मोटारीत करंट उतरला होता आणि त्याला जमिनीत जायला वाट नव्हती. आज मुंग्या आल्या. उद्या ही बाई ओल्या पायांनी उभी असेल, आणि ताब्याच्या दिवसाची वाट पाहत अफसाना वर फोटो काढत असेल.

“काय गं, तुला काय झालं?” धोंडुबाई म्हणाली.

“कायबी न्हाय. मोटारीकडं फिरकू नगंस.”

तिनं वायरमन कृष्णातला गाठून मोटारीची लाइन बंद करायला लावली आणि तशीच पत्र्याच्या शेडमध्ये अमरसिंहापुढं जाऊन उभी राहिली. मांडव नाही, फेटा नाही, पेढे नाहीत. तिला स्वतःचाच भयंकर राग आला होता, आणि तोही तिनं अमरसिंहाच्याच खात्यावर टाकला. मोबाइल तिनं त्याच्या नाकासमोर धरला.

“काय हाय हे?”

“तुमचाच फोटो हाय, दादा. बरा आलाय की.”

अमरसिंहानं पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग खुर्चीत मागं रेलून हसला. “आण्णांना दावनार व्हय? दाव जा. दोन शिव्या घालतील आन गप बसतील. माज्याबिगर त्यांचं पान हालत न्हाय.”

“आण्णांना कशाला? ग्रुपवर टाकतो.”

त्याचं हसू तोंडावरच सुकलं. त्या ग्रुपवर बिल्डर होता, गवंडी होते, प्लंबर होते, आणि टाइलच्या कामाचा ठेकेदार होता, तो तर कागलचा, अमरसिंहाच्या भावकीतला. त्याच्या मोबाइलवर पडलं म्हणजे तासाभरात कागलच्या कट्ट्यावर पडलं. तिथं अमरसिंहाच्या वडिलांना लोक अजून रस्त्यात थांबून रामराम घालायचे. धाकट्या बहिणीची सोयरीक ठरत आली होती.

“तांबंचोर म्हनतील मला,” तो पुटपुटला. मग आवाज चढवून म्हणाला, “काय पायजे तुला?”

“तिन्ही प्लेटा आत्ताच्या आत्ता जागच्या जागी. गड्यांनी न्हाय, तुम्ही सवता उतरायचं.”

“बरं. आनी?”

“उद्या सकाळी माज्या घरी यायचं. अम्मांच्या म्होरं बसून सांगायचं, किटकॅट कुणी लावलं ते.”

अमरसिंह टेबलावरची पेन्सिल फिरवत राहिला. कुठलं किटकॅट, असं त्यानं विचारलं नाही. दोन वर्षं ती ज्याच्या मागावर होती, ते उत्तर तिला तिथंच मिळालं.

“सांगितलं तर फोटो पुसशील?”

“पुसतो.”

“आन घे.”

“खिजरची आन.”

तो लगेच कबूल झाला, आणि नेमकं हेच अफसानाच्या काळजात रुतलं. तिला वाटलं होतं तो तडफडेल, नाही म्हणेल, पोलिसांना भिईल. त्यानं तर बाजारात दोन भाज्यांतली स्वस्त उचलावी तसा निकाल लावला. माणूस मेला त्याचं काय ते म्हातारीपुढं बोलून मोकळं होता येत होतं. चोर हे नाव मात्र त्याला सोसणार नव्हतं. खिजरच्या जिवापेक्षा तांबं भारी निघालं.

अजून न विकलेल्या प्लेटा गाडीतून काढून दुपारभर अमरसिंह स्वतः खणत होता. आण्णांनी फेरतपासणी सांगितली आहे, असं गड्यांना सांगून त्यानं त्यांना वरच्या मजल्यावर हाकललं. घामावर मीठ उडून त्याचे हात चुरचुरत होते, कोळशानं तोंड काळं झालं होतं. अफसाना काठावर उभी राहून एकेका खड्ड्याचा फोटो काढत होती. एकदा प्लेट पुसायला लावली, एकदा बोल्ट पुन्हा आवळायला लावला. “मान वर करा, दादा. तोंड दिसंना,” असं ती तीन-चारदा तरी म्हणाली. अर्थिंगच्या फोटोत तोंड कशाला लागतं, हे दोघांनाही माहीत होतं. त्यानं दर वेळी मान वर केली.

“सायेब सवता कशापायी उतरल्यात गं?” धोंडुबाईनं लांबूनच विचारलं.

“त्यास्नी लय आवड हाय,” अफसाना म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदर बाजारातल्या त्या दोन खोल्यांच्या घरापुढं अमरसिंहाची गाडी थांबली. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात केळ्यांची फणी घेऊन तो आला. आजाऱ्याला भेटायला यावं तसा.

“या, पावणं, या,” खतिजाअम्मांनी चटई अंथरली. “अफसाना, बघ गं, साहेब आल्यात! खिजरच्या वक्ताला आलतासा, त्यानंतर आजच.”

अमरसिंह चटईवर मांडी घालून बसला. अफसाना आतल्या खोलीच्या चौकटीला टेकून उभी राहिली. त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि तो बोलायला लागला.

“आज्जी, एक सांगायचं राहिलंय. त्या दिशी टाइलवाल्यांचं मशीन बंद पडलं. ते बोंबलाय लागलं. मी बोर्डापाशी गेलतो, तर किटकॅट न्हवतं. मला वाटलं, खिजर जेवाय गेलाय आन जाताना घिऊन गेलाय. माज्या पिशवीत दुसरं हुतं. ते लावलं. तवर त्यो आतच हुता.”

अफसाना ऐकत होती. दोन वर्षं तिच्या मनात कट होता, वैर होतं, कुठलंतरी जुनं भांडण होतं. निघालं काय, तर टाइलवाले बोंबलत होते. एक हाक मारून बघायचं होतं, तेवढं या माणसानं केलं नाही. आणि नंतर मेलेल्याच्या डोक्यावर खापर फोडून मोकळा झाला.

खतिजाअम्मांनी पुढं सरकून हळूच विचारलं, “म्हंजी त्यानं काढलं हुतं?”

“व्हय.”

“खिशात घातलं हुतं?”

“व्हय, आज्जी. त्याची कायबी चूक न्हवती.”

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत राहिले. अमरसिंह मान खाली घालून बसला. पदर बाजूला झाला, तेव्हा तिचे डोळे वाहत होते, पण तोंडावर एक असं तेज होतं, जे अफसानानं लग्नाच्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं. “बघ अफसाना, मी उगंच बोलत हुतो. धांदरट न्हवता गं. माझं पोर धांदरट न्हवतं!” आणि मग तिनं अमरसिंहाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. “लय उपकार केलासा, बाबा. एवढं सांगाय आलासा. देव तुमचं भलं करील. अफसाना, चा टाक. साहेबास्नी बशीबरोबर दे.”

अफसानानं चहा टाकला. तिचे हात आपोआप चालत होते. बाहेर अमरसिंहाचा आवाज बदलला होता. आधी तो घशातून येत होता, आता मोकळा येत होता. म्हातारी त्याला खिजरच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होती आणि तो हं, हं करत होता. तिनं कप-बशी पुढं ठेवली, तेव्हा तो भिंतीला पाठ टेकून ऐसपैस बसला होता.

“झकास झालाय चा,” बशीत ओतून पहिला घोट घेत तो म्हणाला. “आमच्या आईचं गुडघं लय दुखत्यात, आज्जी. तुमचं कसं हाय?”

ओझं उतरलं होतं. त्याच्या अंगावरून उतरून कुठंही न जाता नाहीसं झालं होतं, आणि वर आशीर्वाद मिळाला होता. दोन वर्षं ती ज्या आगीत जळली, ती हा माणूस एका कप चहात विझवून उद्या परत साइटवर जाणार होता आणि तिला “वैनी, काढा की फोटो” म्हणणार होता. त्यानं म्हातारीची नजर चुकवून अफसानाकडं पाहिलं आणि बोटानं हवेत पुसल्याची खूण केली. फोटो पूस. पुसलास न्हवं?

त्या क्षणी तिला त्याचा जेवढा राग आला, तेवढा खिजरला मातीत नेलं त्या दिवशीही आला नव्हता. तिला खिजरची आण आठवली. चांगली आठवली. आण मोडल्यावर खिजर काय म्हणेल, तेही तिला ठाऊक होतं. तो चांगला माणूस होता, नको म्हणाला असता.

तिनं मोबाइल काढला. ‘साइट फोटो’ उघडलं, डिकीचा फोटो निवडला आणि पाठवला. खाली एक अक्षरही लिहिलं नाही.

अमरसिंहाच्या खिशात मोबाइल वाजला. त्याच्या दोन्ही हातांत बशी होती, म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. मोबाइल पुन्हा वाजला, मग लागोपाठ वाजतच राहिला. त्यानं बशी चटईवर ठेवली, मोबाइल काढला, पाहिलं. मान वर करून अफसानाकडं पाहिलं. ती चौकटीतून हलली नाही.

चहावर साय धरायला लागली. त्याचा हात काही पुन्हा बशीकडं जाईना.

“साखर कमी झाली काय, पावणं?” खतिजाअम्मांनी विचारलं. मग म्हातारी गुडघ्यावर हात टेकत स्वतःच उठली आणि साखरेचा डबा आणायला आत गेली.